निहारी कशी पारखावी आणि कशी खावी

दुबईत नोकरीला असलेल्या एका मराठी वाचकाचा हा प्रश्न आहे. त्याचे कराचीचे सहकारी त्याला सुट्टीच्या दिवशी सकाळी निहारी, म्हणजे रात्रभर मंद आचेवर शिजवलेला मांसाचा दाट रस्सा, खायला घेऊन जातात. एका ठिकाणची निहारी सर्वांनी वाखाणली, तर दुसऱ्या ठिकाणच्या निहारीला दोन घासांतच ‘निव्वळ आटा आहे’ म्हणून नाव ठेवले. याला मात्र दोन्हीकडे वर लाल तेल आणि आत मऊ मांस एवढेच दिसले. चांगली निहारी नेमकी कशावरून ओळखायची आणि ती खाण्याची काही रीत आहे का, असे त्याने विचारले आहे. आखातातल्या हॉटेलांच्या स्वयंपाकघरांत माझी उमेदीची वर्षे गेली आणि निहारी मी कराचीच्या उस्तादांच्या देगेपाशी, म्हणजे मोठ्या हंड्यापाशी, उभा राहून शिकलो, म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

सहकाऱ्यांनी जे नाव ठेवले त्यातच उत्तराचा मोठा भाग आहे. निहारीचा रस्सा दाट असतो आणि तो दोन मार्गांनी दाट होतो. हाडे आणि पोटरीचे मांस तासन्‌तास शिजून त्यांतला चिकट अंश रश्शात उतरतो, हा पहिला मार्ग. शेवटी गव्हाचे पीठ लावतात, हा दुसरा. उत्तम निहारीत दोन्ही असतात, परंतु पहिला धनी असतो आणि दुसरा चाकर. घाईच्या किंवा काटकसरीच्या निहारीत ही नाती उलटतात. मसाला, रंग, तेल, वरचे आले-कोथिंबीर या सगळ्याला महत्त्व आहेच, पण अनोळखी ठिकाणी निहारी समोर आली की मी आधी एवढेच शोधतो की हा दाटपणा आला कुठून.

निहारी मुळात दिल्लीची की लखनौची, हा वाद जुना आहे आणि दोन्ही शहरांचे लोक तो आनंदाने घालतात. अठराव्या शतकात उत्तर हिंदुस्थानातल्या नबाबी आणि बादशाही वस्त्यांत ती रुजली, रात्रभर शिजवून पहाटेच्या नमाजानंतर खाण्याची तिची पद्धत पडली आणि कष्टकऱ्यांचा पोटभरीचा नाश्ता म्हणूनही ती चालू राहिली, इतके सर्वसाधारणपणे मान्य आहे. १९४७ च्या फाळणीनंतर दिल्लीहून कराचीला गेलेल्या कुटुंबांबरोबर हा पदार्थ गेला. बर्न्स रोडवर दिल्लीवाल्यांच्या खाणावळी उभ्या राहिल्या आणि आज निहारी म्हटले की बहुतेकांना कराचीच आठवते. बर्न्स रोडची साबरी आणि मलिक, दस्तगीर भागातली जावेद, शिवाय झाहिद, ही तिथली नावाजलेली नावे. लाहोरला वारिस आणि मोहम्मदी. मुंबईकरांना फार लांब जायला नको. भेंडी बाजारात १९२३ पासून चालत आलेल्या नूर मोहम्मदी हॉटेलची नळी निहारी प्रसिद्ध आहे. मात्र प्रश्न कराचीच्या पद्धतीबद्दल असल्याने पुढचे विवेचन मुख्यतः तिच्याबद्दल आहे.

कराचीत निहारीला लागते ते ‘बोंग’, म्हणजे जनावराच्या पायाचा, गुडघ्याखालचा गोलसर स्नायू. हा स्नायू जनावर जिवंत असेतोवर राबत असतो, त्यामुळे त्यात पांढरट पडदे आणि चिवट तंतू भरपूर असतात. या तंतूंत कोलॅजन नावाचे प्रथिन असते. साधारण ६० ते ६५ अंश सेल्सियसला ते आकसते आणि मांस आवळून धरते, म्हणून अर्धवट शिजलेले बोंग चावता चावत नाही. त्याच्या पुढे, उकळीच्या जरा खालच्या तापमानाला, काही तास धीर धरला की हेच कोलॅजन विरघळून जिलेटीन होते आणि रश्शात मिसळते. मांडीचे किंवा पाठीचे चरबीविरहित मांस घेतले तर विरघळण्यासारखे त्यात फारसे काही नसते; ते कितीही वेळ ठेवले तरी तंतू कोरडे पडतात आणि रस्सा पाण्यासारखा राहतो. मग आचारी नाइलाजाने पीठ वाढवतो. पिठाळ निहारीची गोष्ट पुष्कळदा खाटकाच्या दुकानातच सुरू झालेली असते.

आचेचेही तसेच आहे. देगेच्या कडेला एखाद-दुसरा बुडबुडा यावा आणि विरावा, एवढीच आच हवी. रस्सा खळखळ उकळत ठेवला तर चरबीचे बारीक थेंब फुटून रश्शात कालवले जातात, रस्सा मळकट होतो, तर्री स्वच्छ वर येत नाही आणि मांसाचे धागे पिळवटून निघतात. जुन्या पद्धतीत देगेचे झाकण कणकेने बंद करून खाली निखारे ठेवत आणि ती रात्रभर तशीच सोडत, त्यामागे हेच कारण होते. गॅस आला तरी काम बदललेले नाही. ज्याच्या हाती रात्रपाळीची देग असे तो माणूस झोपत नसे, दर थोड्या वेळाने झाकणाला कान लावत असे. आतून नुसती कुजबुज यायला हवी, आवाज चढला की आच खाली.

आता पिठाविषयी, कारण येथे गैरसमज फार आहेत. निहारीत पीठ घालणे म्हणजे फसवणूक, असे काही शुद्धतावादी सांगतात ते खरे नाही. जिलेटीनचा रस्सा गार झाल्यावर घट्ट होतो, परंतु गरम असताना तो बऱ्यापैकी पातळच असतो आणि नानवरून ओघळून जातो. त्याला नानवर टिकवायला, बारीक मसाला तळाशी बसू न देता धरून ठेवायला थोड्या पिठाची गरज असते. प्रश्न प्रमाणाचा आणि पीठ शिजवण्याचा आहे. कणीक कोरडी भाजायची, खमंग वास सुटून रंग किंचित बदलला की उतरवायची, थंड पाण्यात गुठळी न ठेवता कालवायची, गाळायची आणि मंद आचेवरच्या रश्शात धार धरून सोडताना पळी थांबू द्यायची नाही. त्यानंतर निदान वीस-पंचवीस मिनिटे ती शिजली पाहिजे. हे केले की पिठाचे अस्तित्व जाणवतच नाही. गिऱ्हाइके दारात उभी आहेत म्हणून शेवटच्या पाच मिनिटांत कच्चे पीठ लावले की जिभेच्या मागच्या भागावर कणकेची चव राहते आणि ती लिंबू, आले, मिरची कशानेही जात नाही.

आपल्या सहकाऱ्यांनी दोन घासांत जे ओळखले ते आपल्यालाही ओळखता येईल. पहिले तीन-चार घास झाले की ओठ एकमेकांवर हलकेच दाबून पाहावेत. जिलेटीन शरीराच्या तापमानाच्या आसपास वितळते; तोंडात ते पातळ असते आणि ओठांवर जरा निवले की चिकट होते. ओठ किंचित चिकटत असतील, बोटांची पेरे एकमेकांना धरत असतील, तर हाडे आणि बोंग यांनी आपले काम केले आहे. ओठ नुसते तेलकट झाले आणि चिकटले नाहीत, तर दाटपणा पिठाचा आहे. दुसरी खूण ताटलीतच दिसते. ताटलीच्या कडेला लागलेल्या रश्शाकडे दहा मिनिटांनी पाहावे. पिठाच्या रश्शावर पातळ साय धरते, त्यात नानने ओढलेली रेघ तशीच राहते आणि ढवळल्यास गोळे दिसतात. चांगला रस्सा तेवढ्या वेळात दाट होतो खरा, पण त्याला चकाकी असते आणि रेघ हळूहळू भरून येते. तिसरी खूण निर्णायक आहे, पण त्यासाठी निहारी बांधून घरी न्यावी लागते: शीतकपाटात रात्रभर ठेवल्यावर वरची चरबी काढून टाकली की खालचा रस्सा थरथरणाऱ्या जेलीसारखा निघायला हवा. खळीसारखा लिबलिबीत गोळा निघाला तर काय ते समजावे.

प्रश्नकर्त्याने वर दिसलेल्या लाल तेलाचा, म्हणजे तर्रीचा, उल्लेख केला आहे. वरचा लाल थर ही निहारीची ओळख आहे आणि तो असायलाच हवा, पण त्यावरून निहारीचा दर्जा ठरत नाही, कारण तो वरून घालता येतो. रीतसर पद्धत अशी की पीठ लावण्यापूर्वी तर्री पळीने काढून वेगळ्या भांड्यात ठेवतात, मग पीठ लावतात आणि वाढताना ती तर्री पुन्हा वर सोडतात. न काढताच पीठ लावले तर ते तेल धरून बसते, रस्सा फिकट पडतो, आणि मग लाली आणण्यासाठी निराळे तेल मिरचीपूड घालून तापवून वर ओतले जाते. अशा ओतलेल्या तेलाला मिरचीचा जळका वास येतो आणि मांसाचा वास अजिबात येत नाही. खऱ्या तर्रीत बोंग आणि नळीची चरबी असते, तिला बडीशेप-सुंठीचा वास लागलेला असतो.

रंगाची एक साधी परीक्षा आहे. लाल मिरचीतली रंगद्रव्ये तेलात विरघळतात, पाण्यात नाही. त्यामुळे खरा लाल रंग वरच्या तर्रीत असतो आणि तिच्याखालचा रस्सा तपकिरी, काहीसा मंद दिसतो. खाद्यपदार्थांत वापरले जाणारे केशरी आणि पिवळे कृत्रिम रंग सहसा पाण्यात विरघळणारे असतात. तर्री नानच्या टोकाने बाजूला सारावी. खालचा रस्साही भडक केशरी असेल तर रंगाच्या डबीवर संशय घ्यायला हरकत नाही. तर्री किती असावी याबद्दल मतभेद आहेत. माझ्या मते तर्रीच्या फटींतून रस्सा दिसला पाहिजे. ज्यांना कमी हवी ते कराचीत ‘तर्री कम’ असे सांगतात आणि त्यात कोणाला वावगे वाटत नाही, तेव्हा आपणही संकोच करू नये.

मसाल्याच्या बाबतीत मराठी जिभेची हमखास गल्लत होते. तांबडा रस्सा किंवा सावजी मटण यांवर वाढलेल्या माणसाला निहारी पहिल्या घासाला फिकी वाटते, कारण तो जिभेच्या शेंड्यावर तिखट शोधत असतो. निहारीची ऊब मिरचीची कमी आणि सुंठ, मिरी व पिंपळी यांची जास्त असते. ती घास गिळल्यावर घशात येते, हळूहळू छातीत पसरते आणि बराच वेळ टिकते. पिंपळी आपल्याकडे काढ्यात आणि चाटणात राहिली, स्वयंपाकातून जवळजवळ गेली; निहारीत तिचे स्थान अजून पक्के आहे. यांच्या जोडीला बडीशेप, मसाला वेलची, हिरवी वेलची, लवंग, दालचिनी, जिरे, जायफळ आणि जायपत्री असते. बडीशेप भरपूर लागते, तरी ती बडीशेप म्हणून वेगळी ओळखू येऊ नये. जेवणानंतरच्या मुखवासाचा वास आला तर हात सैल पडला असे समजावे. जायफळ जास्त झाले की शेवटी कडसर चव राहते. दातांखाली कचकच लागली तर मसाला बारीक दळून चाळलेला नाही. टोमॅटोला या पदार्थात जागा नाही. दही काही घरांतून घालतात, पण कराचीच्या जुन्या हातांना ते रुचत नाही आणि मलाही नाही, कारण त्या आंबटपणामुळे हाडाच्या रसाचा गोडवा झाकला जातो. कांदा असलाच तर तळून वरच्या फोडणीपुरता.

यानंतर ‘तार’. काही जुन्या दुकानांत आदल्या दिवशीच्या निहारीतला थोडा भाग राखून नव्या देगेत घालतात, त्याला तार म्हणतात. जुन्या दिल्लीतली काही दुकाने तर शंभराहून अधिक वर्षे ही साखळी तुटली नसल्याचा दावा करतात. तारेमुळे नव्या रश्शाला पहिल्या तासापासूनच जिलेटीन आणि मुरलेला मसाला मिळतो, हे खरे आहे आणि जिभेला ते कळते. शतकापूर्वीचा एखादा थेंब आज आपल्या ताटलीत येतो या कल्पनेला मात्र मी फारशी किंमत देत नाही. रोजच्या पातळ होण्याचा हिशोब मांडला तर जुन्यातले काहीही उरत नाही. शिवाय तार सांभाळणे हे जबाबदारीचे काम आहे. मांसाच्या दाट रश्शात क्लॉस्ट्रिडियम परफ्रिंजेन्स नावाच्या जिवाणूचे बीजाणू उकळीलाही टिकतात आणि मोठे भांडे सावकाश निवत राहिले की झपाट्याने वाढतात. म्हणून तार एक तर सतत ६० अंशांच्या वर गरम ठेवावी लागते, नाहीतर उथळ भांड्यांत पसरून चटकन गार करावी लागते. ज्या दुकानात देग रात्री झाकण टाकून तशीच ओट्यावर सोडलेली दिसते, तिथे तारेची परंपरा कितीही जुनी असली तरी मी खात नाही.

मांसाची परीक्षा चमच्याने करू नये, नानने करावी. बोंगेचा तुकडा उचलताना अखंड राहिला पाहिजे आणि नानच्या घडीत दाबला की धाग्यांच्या रेषेने सुटला पाहिजे. उचलतानाच त्याचा भुगा झाला तर देग जास्त वेळ चालली आहे. दाबल्यावरही रबरासारखा उसळला तर कोलॅजन अजून सुटलेले नाही. सुटला पण तोंडात कोरडा लागला तर मांस पोटरीचे नाही. बोंगेच्या तुकड्यांत मधोमध पारदर्शक, थलथलीत शिरा दिसतात. नवखे लोक त्या चरबी समजून बाजूला काढतात. कृपा करून तसे करू नका; निहारीत खाण्यासारखा सर्वांत चांगला भाग तोच आहे.

नळी, मगज आणि फ्राय ही नावे फळ्यावर दिसतील. नळी निहारीत मज्जेचे हाड येते, मगज निहारीत वेगळा उकडलेला मेंदू घालतात आणि फ्रायमध्ये ताटलीवर कढत तुपाची फोडणी ओततात. तिन्ही चविष्ट आहेत, परंतु पारख करायची असेल तर पहिल्या खेपेला साधी निहारीच मागवावी. मगजामुळे कोणताही रस्सा मऊ आणि दाट लागतो, तुपाची फोडणी कच्च्या पिठाचा वास लपवते, आणि मज्जेच्या मोहात माणूस रश्शाकडे लक्षच देत नाही. साधी चांगली असेल तर बाकीच्यांत पैसे घालावेत. नळी मागवलीत तर मज्जा लगेच खावी. हाड ताटलीच्या कडेवर आपटून ती नानच्या गरम तुकड्यावर घ्यावी, वर चिमूटभर मीठ आणि लिंबाचे दोन थेंब. आपटल्यावर हाड पोकळ निघाले, तर मज्जा देगेत वितळून गेली आहे. चांगले आचारी म्हणूनच नळ्या शेवटच्या टप्प्यात घालतात किंवा वेगळ्या शिजवतात.

वाढणाऱ्याकडेही लक्ष ठेवावे, कारण तो पुष्कळ काही सांगून जातो. कराचीच्या पद्धतीच्या दुकानात देग ओट्यात अर्धी बसवलेली असते आणि वाढपी तिच्या तोंडाशी बसतो. सवयीचा माणूस आधी पळी देगेच्या भिंतीला टेकवून बोंगेचा तुकडा न मोडता वर घेतो, मग मधल्या थरातून रस्सा भरतो आणि सर्वांत शेवटी पळी आडवी करून तर्री नुसती पृष्ठभागावरून उचलतो. तळ ढवळून भराभर ओतणारा माणूस बसलेले पीठ आणि मसाल्याचा गाळ आपल्याला देतो. वेळेचाही फरक पडतो. देग उघडल्यापासून पहिल्या तास-दीड तासातली निहारी संतुलित असते. नंतर रस्सा आटत जातो, खारट होतो आणि मांसाचे तुकडे मोडतात. देगेच्या बुडाचीच निहारी आवडणारे रसिकही मी पाहिले आहेत, ते मुद्दाम उशिरा येतात. पण ती एक वेगळी आवड आहे.

खाण्याची रीत सोपी आहे, फक्त तिचा क्रम महत्त्वाचा आहे. ताटली आली की त्याच क्षणी लिंबू पिळण्याची घाई करू नये. पहिले तीन-चार घास नुसत्या नानबरोबर, वर काहीही न घालता खावेत. आतापर्यंत सांगितलेल्या चवीच्या खुणा त्याच घासांत सापडतात. मग आल्याच्या बारीक काड्या घ्याव्यात, त्यानंतर हिरवी मिरची आणि कोथिंबीर. लिंबू सर्वांत शेवटी, तेही ताटली निम्मी झाल्यावर, चरबीने जीभ जड वाटू लागते तेव्हा. सुरुवातीलाच लिंबू पिळले तर आंबटपणा सगळ्यावर मात करतो आणि चांगल्या-वाईटातला फरक पुसला जातो. वरून गरम मसाला भुरभुरण्याची पद्धत काही ठिकाणी आहे. देगेत मसाला मुरलेला असेल तर त्याची गरज पडत नाही. आणि निहारी गरमच खावी. जनावराची चरबी ४० अंशांच्या आसपास थिजू लागते, गप्पा मारत बसलात तर ती टाळूला मेणासारखी बसते आणि मग आपण पदार्थाला दोष देता. थोडी थोडी मागवून गरम खाणे हे एकदम मोठी ताटली घेण्यापेक्षा बरे.

नान जाड आणि आतून लुसलुशीत हवा, म्हणजे तो रस्सा शोषतो आणि तरी फाटत नाही. खमिरी, म्हणजे आंबवलेल्या पिठाची, रोटी असेल तर फारच उत्तम. तिचा हलका आंबूस वास चरबीला छान तोलतो. लखनौला निहारीबरोबर कुलचा खातात. पातळ रुमाली रोटी इथे कामाची नाही आणि भात तर नाहीच. आपल्याकडे रस्सा वाटीने ओरपण्याची किंवा त्यात भाकरी कुस्करण्याची सवय असते. निहारी ओरपायची वस्तू नाही. नानचा तुकडा दुमडून त्यात मांस धरायचे आणि रश्शाला निपटून घ्यायचे, असा तिचा घास आहे. छत्रपती संभाजीनगरकडच्या वाचकांना तिथल्या नानखलियामुळे, म्हणजे नानबरोबर खायच्या मांसाच्या रश्शामुळे, हा हात आधीच बसलेला असेल.

घरी करून पाहायची असेल तर थोडक्यात सांगतो. महाराष्ट्रात २०१५ पासून गायीबरोबरच बैल आणि वळू यांच्या कत्तलीलाही बंदी आहे, त्यामुळे इथे निहारी म्हशीच्या किंवा बोकडाच्या मांसाची होते. बोकडाचे मांस घेतल्यास पुढच्या-मागच्या पायांच्या पोटऱ्या हाडासकट मागाव्यात आणि एक किलोला तीन-चार नळ्या जास्त घ्याव्यात, कारण बोकडाच्या पोटरीतून मोठ्या जनावराइतका चिकटपणा निघत नाही. दोन पाये घातले तर काम भागते, पण त्याहून जास्त नको, नाहीतर पायांचीच चव पुढे येते आणि तो पदार्थ निराळा आहे. म्हशीच्या बोंगेला मंद आचेवर सहा-सात तास आणि बोकडाला तीन-चार तास धरावेत. प्रेशर कुकरने वेळ वाचतो आणि जिलेटीनही सुटते, मात्र शिट्टी उचलून वाफ एकदम सोडू नये; आतला रस्सा तेवढ्यापुरता भडभडून उकळतो आणि चरबी कालवली जाते. कुकर आपोआप गार होऊ द्यावा आणि नंतर तासभर उघड्या पातेल्यात मंद आचेवर ठेवावे. दीड लिटर तयार रश्शाला ४० ग्रॅम भाजलेली कणीक मला पुरते. याहून जास्त लागते आहे असे वाटले तर पीठ वाढवण्याआधी आणखी तासभर शिजवून पाहावे. पाकिटातला तयार मसाला वापरायला हरकत नाही, पण त्यात मीठ असतेच, म्हणून वेगळे मीठ अगदी शेवटी, चव पाहून घालावे.

उरलेली निहारी दोन तासांच्या आत उथळ भांड्यात पसरून शीतकपाटात ठेवावी. दुसऱ्या दिवशी वरची चरबी गोठलेली असते तेव्हाच ती चमच्याने काढून वेगळी ठेवावी. रस्सा अर्धी वाटी कढत पाणी घालून आधी मंद आचेवर सैल करावा, कारण गार असताना त्याचा गोळा झालेला असतो आणि मोठ्या आचेवर तळाचे पीठ करपते. सैल झाल्यावर तुकडे मोडू न देता एक पूर्ण उकळी आणावी, लगेच आच उतरवावी, आणि मग काढून ठेवलेली चरबी पळीत वितळवून, वाटल्यास चिमूटभर काश्मिरी मिरची घालून, वरून सोडावी.